दुसरी भूक

मुकुंदराव आवटी यांनी आयुष्यातली तीसेक वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. कोणत्या शिवारातला ऊस किती उतारा, म्हणजे किती साखर, देईल हे ते कांडं चावून सांगत, आणि मागाहून यंत्रही तेच सांगे. निवृत्तीनंतर मिरजेला घर बांधून राहिले, एकदा सहज रक्त तपासलं, तेव्हा कळलं की पंचक्रोशीतला सर्वोत्तम उतारा त्यांच्या स्वतःच्याच अंगात होता.

त्यांना खटकली ती वेगळीच गोष्ट. रात्री आठला जेवायचं, मग पाण्याशिवाय काही नाही, आणि सकाळी उपाशीपोटी साखर दोनशे वीस. रसायनशास्त्रात शून्यातून साखर होत नाही. पहिला संशय अर्थातच बायकोवर.

"झोपेत मला काही भरवत नाहीस ना गं?"

"जागेपणी भरवूनच दमते," वृंदाताई म्हणाल्या. "झोपेत कुठलं भरवू?"

उलगडा केला तो डॉ. शाहीन तांबोळी यांनी. बाई लिव्हरच्या डॉक्टर. वय चाळिशीचं, आणि रुग्णाला त्याच्याच धंद्याच्या भाषेत समजावण्याची हौस.

"काका, लिव्हर म्हणजे घराचं कोठार. जेवण झालं की जास्तीची साखर आत ठेवायची, आणि रात्री कोणी जेवत नाही तेव्हा थोडी थोडी बाहेर सोडायची, मेंदू चालू राहावा म्हणून. किती सोडायची ते इन्शुलिन सांगतं. तुमचं कोठार त्याचं ऐकत नाही. मागणी नसताना सोडत बसतं. हंगाम संपला, ऊस संपला, तरी तुमचा बॉयलर पेटलेलाच."

"आणि मावत नाही ती साखर?"

"तिची चरबी होते आणि तिथंच साठते. चरबीनं सूज, सुजेनं व्रण, आणि व्रणांनी लिव्हर हळूहळू दगड. तुमचं निम्म्याहून जास्त झालंय."

"मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही."

"ते तुमच्या लिव्हरला कोणी सांगितलेलं नाही, काका."

त्या सुमारास मिरजेत तुकडा बसवण्याचं तंत्र चांगलं रुळलं होतं. निरोगी माणसाच्या लिव्हरचा लिंबाएवढा भाग काढायचा. देणाऱ्याचं लिव्हर थोड्याच आठवड्यांत पुन्हा भरून येतं. इतका उदार अवयव शरीरात दुसरा नाही. काढलेल्या पेशी जाळीवर वाढवून तळहाताएवढी चकती करायची, परक्या शरीराने हाकलून देऊ नये म्हणून पेशींवरची ओळख पुसायची, आणि ती चकती रुग्णाच्या लिव्हरशेजारी रक्तवाहिनीला जोडून द्यायची. मग जुनं लिव्हर नुसतं बसून राहतं आणि तुकडा राबतो. एकत्र कुटुंबात चालतं तसंच. डॉक्टरमंडळी त्याला लांबलचक नावाने ओळखत. गाव 'काळजाचा तुकडा' म्हणे. काळीज म्हणजे खरं तर लिव्हरच, हे मटणाच्या दुकानात सगळ्यांना माहीत असतं. कविता लिहिताना तेवढा विसर पडतो.

तुकडा कोणाचा हे रुग्णाला सांगायचं नाही, असा नियम होता. नाव कळलं की रुग्ण बरा होतो पण घरातले टोमणे बरे होत नाहीत, असा पूर्वीचा अनुभव. देणारे बहुतेक घरातलेच असत, आणि घरातले म्हणजे बायका. पुरुषांचीही तयारी असे. त्यांना रजा मिळत नसे, एवढंच.

"तू नाही ना देणार?" मुकुंदरावांनी एकदा विचारून ठेवलं होतं.

"मला सुई दिसली तरी घेरी येते," वृंदाताई म्हणाल्या. त्याच महिन्यात त्या साताऱ्याला बहिणीकडे जाऊन राहिल्या. परत आल्या त्या जराशा वाकून. एसटीत कंबर धरली, म्हणाल्या. मुकुंदरावांना ते दिवस नीट आठवत होते, कारण बाहेरून येणाऱ्या डब्यातली आमटी पाणचट असे.

तुकडा बसला. मुकुंदरावांच्या दंडावर साखर मोजणारी टिकली चिकटवली गेली. साखर ठीक असली की टिकली हिरवी, चढली की लाल. महिन्याभरात चालणं सुधारलं, चेहऱ्यावर तेज आलं, सकाळची साखर शंभरापर्यंत उतरली. फक्त दुपारचं जेवण बिघडलं.

साडेबाराला पान वाढलेलं असे. तीस वर्षं साडेबाराच. भूकही सपाटून लागलेली असे. पण पहिला घास तोंडाशी नेला की उजव्या बरगडीखाली काहीतरी हलायचं. दुखायचं नाही. आत बसलेल्या कुणीतरी तोंड फिरवून घ्यावं, तसं वाटायचं. तरी रेटून जेवलं तर अर्ध्या तासात टिकली लालभडक. साखर तीनशेच्या वर.

फक्त एका दिवशी तसं झालं नाही. साताऱ्याची मेहुणी लेकीसुनांना घेऊन आली होती. टेबल भरलं, म्हणून मुकुंदराव मोठ्या मनाने म्हणाले, "तुम्ही बसा, मी मागून बसतो." बोलले आणि स्वतःच चपापले, कारण हे वाक्य त्यांच्या तोंडून पूर्वी कधी गेलेलं नव्हतं. सगळ्यांचं होईपर्यंत त्यांची भूक मेली. मग तासाभराने अचानक दुसरी भूक आली. वेगळीच भूक होती ती. शांत, दमलेली, कशालाही चालेल अशी. ते उठले, ओट्याशी उभ्यानेच गार भात आणि तळाची आमटी खाल्ली. चांगल्या भाकऱ्या डब्यात राहू दिल्या आणि करपलेली घेतली.

टिकली हिरवीगार.

डॉ. तांबोळींनी टिकलीचे आलेख पडद्यावर लावून पुन्हा पुन्हा पाहिले.

"लिव्हरला स्वतःचं घड्याळ असतं, काका," त्या शेवटी म्हणाल्या. "डोक्यातलं घड्याळ उजेडावर चालतं, लिव्हरचं जेवणावर. रोज ज्या वेळी जेवता त्याच्या आधी ते तयार होऊन बसतं. हा तुकडा पहिली भूक लागली की दार लावून घेतो. ही भूक आपली नाही, असं कुणीतरी त्याला वर्षानुवर्षं शिकवलंय. ती मरते. मग दुसरी लागते, ती आपली."

"असं कोण शिकवतं लिव्हरला?"

बाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. "काका, काकू किती वाजता जेवतात?"

मुकुंदरावांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. कारखान्याची पहिली पाळी कधी सुटते, मळीचा टँकर कधी निघतो, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं.

"आमच्याबरोबरच," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "म्हणजे, नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

रसायनशास्त्रज्ञाने अंदाज सांगू नये, म्हणून त्यांनी निरोप घेतला.

दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले. निरीक्षण केल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, ही जुनी शिस्त.

"काही हवंय का?" वृंदाताईंनी विचारलं.

"नाही. तू जेव."

"जेवीन की. तुमचं होऊ दे."

"मी दुसऱ्या भुकेला जेवणार. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग मी त्याच्यानंतर."

"अगं, तू जेवून घे ना आधी."

"असं कसं?" वृंदाताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हट्टही नव्हता. उंबऱ्यावर शिंकू नये, तशातलं ते होतं. तो कोणी केलेला नियम नव्हता, म्हणून मोडताही येत नव्हता.

दोघं बसून राहिली. झाकलेल्या ताटातून वाफ निघायची थांबली. दोन वाजता दुसरी भूक आली, ते जेवले, टिकली हिरवी राहिली; त्यानंतर त्या जेवल्या. चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी दोनला काही आलं नाही. भूक तीनला आली. पुढच्या आठवड्यात चारला. दिवाळी जवळ आली तशी ती तिन्हीसांजेला सरकली, आणि आली तरी अर्धीमुर्धी. सकाळची साखर पुन्हा वर जाऊ लागली. मुकुंदरावांच्या शर्टाची कॉलर सैल झाली, डोळ्यांचं पांढरं पिवळसर दिसू लागलं. मधल्या काळात ते नकळत वेगळं काही करू लागले होते. दुधाची साय काढून वाटीत झाकून ठेवत. भाकऱ्या मोजत. घरात माणसं दोन, तरी एकदा मोजून झाल्यावर पुन्हा मोजत, जणू कोणी अचानक येईल आणि कमी पडेल.

घोरपडे सरांच्या पुतणीच्या मुलीचं लग्न सांगलीला होतं. घोरपडे म्हणजे शाळेतले कवायतीचे मास्तर, मुकुंदरावांचे शेजारी. मिशा अशा ताठ की पोरं मिशांनाच 'सावधान' म्हणत. तुकडा त्यांनीही बसवून घेतला होता, दोन वर्षांपूर्वी. बुफेचा लोकांना कंटाळा आल्यामुळे पंगतीची फॅशन परत आली होती. पाट, रांगोळी, केळीचं पान, सगळं जुनं आणि त्यामुळे महाग.

"पहिली पंगत," आचाऱ्याने आरोळी दिली.

बायका बसल्या, पोरं बसली, तरुण मंडळी बसली. मुकुंदराव भिंतीशी सरकले. तिथे आधीच कोणी उभं होतं. पलीकडे आणखी कोणी. हॉलच्या एका भिंतीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, साठीच्या पुढचे पुरुष पाठ टेकून उभे होते. पोलीसपाटील, बँकेचे निवृत्त मॅनेजर, एक माजी सभापती. प्रत्येकाच्या दंडावर टिकली. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सगळे पानांकडे बघत होते, आणि त्या बघण्यात हाव नव्हती. कोणाला काय कमी पडतंय, ते बघत होते.

एका लहान मुलीने पानावर मीठ शोधलं. भिंतीतून सभापती निघाले, चिमूटभर मीठ वाढून मुकाट्याने परत जागेवर जाऊन उभे राहिले.

"भात पुरेल ना?" कोणीतरी पुटपुटलं. त्यासरशी भिंतीवरची सगळी डोकी एकदम भाताच्या पातेल्याकडे वळली.

मुकुंदरावांचंही वळलं. आपल्या हातात आमटीचा डाव आहे, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. तो कधी घेतला, कुठून घेतला, काही आठवेना.

"घोरपडे," ते कुजबुजले, "चला, आपण बसू दुसऱ्या पंगतीला."

"तुम्ही व्हा पुढं," घोरपडे सर मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "पोरांचं होऊ द्या. मी थांबते."

मिरजेकडे काही बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. त्याला भाषेची लकब म्हणतात आणि पुण्याचे लोक त्यावर लेख लिहितात. पुरुषाने 'थांबते' म्हटलं तर त्याला काय म्हणायचं, हे अजून कोणी ठरवलेलं नव्हतं. मुकुंदरावांनी घोरपड्यांकडे पाहिलं. घोरपडे भाताकडे पाहत होते. कवळी निसटली असेल, असं मुकुंदरावांनी ठरवलं. ठरवणं भाग होतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी वृंदाताईंनाही आत बोलावलं.

"तुकडा वेळ पाळत नाही, काका, हे माझ्या उशिरा लक्षात आलं," डॉ. तांबोळी म्हणाल्या. "तो क्रम पाळतो. आधी स्वयंपाकाचा वास, मग भूक, मग दुसऱ्या कुणाचं तरी जेवण, मग आपलं. पोटातल्या नसा तुकड्यात उगवल्यात, त्यामुळे नाकाला कळतं ते त्यालाही कळतं. ताटं वाढली की वास दरवळतो, ताटं उठली की उतरतो. तुमच्या घरी आता मधलं जेवणच होत नाही. दोघं नुसती बसून राहता. म्हणून तो वाट बघतो. रोज जरा जास्त वेळ बघतो."

"उपाय?"

"तो क्रम पुसता येतो. औषधाचं पाणी फिरवायचं, घड्याळ कोरं होतं. मग साडेबाराला जेवा, बाराला जेवा. पण दहातले चार तुकडे पुसताना मरतात. तुमचा मेला तर दुसरा तयार व्हायला वर्ष लागेल." त्या थांबल्या. "तेवढा वेळ तुमच्या जुन्या लिव्हरकडे नाही. आणि असंच चालू ठेवलं, तर त्याहून कमी आहे."

मुकुंदरावांनी मनात प्रमाण मांडून पाहिलं. दहात सहा हे कारखान्याच्या हिशोबाने वाईट नव्हतं.

"पुसून टाका," ते म्हणाले.

"नाही पुसायचं," वृंदाताई म्हणाल्या.

त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, मांडीवर पर्स. आवाज नेहमीचाच, भाजीवाल्याला मेथी परत करतानाचा.

"अगं, तुझा काय संबंध?"

"मला न विचारता कोणी पुसायचं नाही. माझं काळीज आहे ते, फळा नाही."

डॉ. तांबोळींनी लगबगीने खिडकीबाहेर काहीतरी बघायला सुरुवात केली. नियम मोडला होता, पण त्यांनी मोडलेला नव्हता.

मुकुंदरावांनी बायकोकडे पाहिलं. मग त्यांचा हात आपोआप उजव्या बरगडीखाली गेला. म्हणजे आत तोंड फिरवून बसलेली, ताटाकडे कान लावून असलेली, पहिली भूक मारून टाकणारी ती ही होती. हिला ते ओळखत होते असं त्यांना वाटत होतं. आणि ती कोणाचं जेवण व्हायची वाट बघत होती, तेही आता कळलं. त्यांचंच. त्यांच्या पोटात बसून ती त्यांचं जेवण होण्याची वाट बघत होती, आणि तिची वाट बघणं संपेपर्यंत त्यांना जेवता येत नव्हतं.

"सातारा," ते म्हणाले.

"गेलेच नव्हते. इथंच होते, या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर." वृंदाताईंनी पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली. "तुमच्या डब्याची आमटी कशी होती ते मात्र दोन महिने ऐकलं."

"काकू," डॉक्टर खिडकीकडेच तोंड ठेवून म्हणाल्या, "न पुसता एक मार्ग आहे. कुणीतरी काकांच्या आधी जेवायचं. रोज. त्यांनी वाढायचं, त्या माणसाचं पूर्ण होऊ द्यायचं, मग जेवायचं."

"कुणीतरी म्हणजे?"

"घरात दुसरं कोण आहे?"

"मी आधी जेवू?" वृंदाताईंनी विचारलं. भर बाजारातून अनवाणी जायला सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला पान मांडलं गेलं, पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. मुकुंदरावांनी वाढलं. मीठ कुठल्या बाजूला आणि लिंबू कुठल्या, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. हात बरोबर जात होता. वृंदाताईंनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"घशाखाली उतरायचं नाही हो."

"खा. नाहीतर मी मरेन."

"असं जेवताना बोलू नये."

"बरं. खा, म्हणजे मी जगेन."

त्यांनी घास तोंडात घातला. चावला. मोठा वेळ चावला. डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचं असावं. मग गिळला. त्याच क्षणी मुकुंदरावांच्या बरगडीखाली काहीतरी वळलं. फिरवलेलं तोंड पुन्हा समोर आलं. ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"काय झालं?" वृंदाताईंनी घाबरून विचारलं.

"काही नाही. तू जेव. भात वाढू?"

त्या पूर्ण जेवल्या. पावणेदोनला मुकुंदरावांना दुसरी भूक लागली. टिकली हिरवी ती हिरवीच राहिली.

उन्हाळा येईपर्यंत सगळं सुरळीत झालं. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, कॉलर नीट बसू लागली. डॉ. तांबोळींनी आलेख पाहून समाधानाने मान हलवली. जाता जाता मुकुंदरावांनी त्यांना हळूच विचारलं, लिव्हरमध्ये जेवणाच्या क्रमाखेरीज आणखी काही साठतं का? म्हणजे, बोलणंबिलणं?

"भाषा लिव्हरमध्ये नसते, काका," त्या म्हणाल्या. "निदान पुस्तकात तसं लिहिलेलं नाही." आणि मग, जरा विचार करून, "का विचारलंत?"

"घोरपडे सरांसाठी."

वृंदाताई आता साडेबाराला स्वतःहून येऊन बसत. आधी खुर्चीच्या कडेवर, मग नीट टेकून. वैशाखात त्यांनी जेवताना वर्तमानपत्र आणायला सुरुवात केली. आमटी संपली की वाटी बोटाने किंचित पुढे सरकवत. बोलावं लागत नसे. मुकुंदराव ओट्यापाशी उभे राहून कान देत. वाटीचा आवाज, पाण्याच्या भांड्याचा आवाज, पान उलटल्याचा आवाज. कारखान्याच्या क्वार्टरपासून सोबत असलेल्या या टेबलाशी तीस वर्षं बसून त्यांनी यातला एकही ऐकला नव्हता.

अशाच एका दुपारी वृंदाताईंनी दुसरा घास घेतला आणि वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाल्या, "आमटीला मीठ कमी आहे."

आवाज त्यांचाच होता. वाक्य मुकुंदरावांचं होतं. वर्षानुवर्षं, याच टेबलावर, याच स्वरात, याच बेफिकिरीनं टाकलेलं.

"उद्या बघून घालते," मुकुंदराव म्हणाले.

डाव हातात तसाच राहिला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने ऐकलं असेल तर हसेल, हसली की विषय संपला, असं त्यांना वाटलं. ते वाट बघत राहिले.

वृंदाताईंनी पान उलटलं आणि रिकामी वाटी बोटाने पुढे सरकवली. मुकुंदरावांनी आमटी वाढली, करपलेली भाकरी स्वतःसाठी बाजूला काढली, दुधावर झाकण ठेवलं आणि भिंतीला पाठ टेकून उभे राहिले. पहिली भूक आली. ती त्यांनी जाऊ दिली.